बायकोच्या व्हिसावर जर्मनीला निघताना

माझी बायको स्टुटगार्टला एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि मी तिच्यामागून, तिचा नवरा म्हणून जर्मनीला गेलो. आमच्या रामबागेतल्या काही मंडळींना हे अजून नीट पचलेलं नाही. सध्या सुट्टीवर इंदूरला आलोय, तर रोज कुणीतरी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन येतं. त्यात मुली जास्त, पण आता एखाददुसरा नवराही असतो, आणि तो जरा आवाज खाली करून विचारतो. सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा लिहूनच काढतो. अमेरिका-कॅनडावाल्यांनी यातलं फार काही घेऊ नये, तिकडचे कायदे निराळे.

सुरुवात लग्नाच्या दाखल्यापासून. पत्रिका, अल्बम, मंगल कार्यालयाची पावती यांना जर्मन लोक विचारत नाहीत. मध्य प्रदेशात विवाहनोंदणी सक्तीची करणारे नियम 2008 पासून आहेत, तेव्हा हनिमूनचं बुकिंग नंतर करा, आधी निगमात, म्हणजे महापालिकेत, अर्ज टाका. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), दोघांची ओळखपत्रं, वयाचे पुरावे, साक्षीदार, सगळं एकाच खेपेत न्या.

दाखला हातात पडला की तिथेच खिडकीपाशी उभं राहून नाव वाचा. इंदूरच्या मराठी माणसाची खरी अडचण इथे आहे. निगमातला बाबू हिंदी कानाने लिहितो. तुमच्या पासपोर्टवर ज्ञानेश्वर हे डी-एन-वायने सुरू होतं, दाखल्यावर ते जी-वायने उतरतं. काळेंचे काले होतात. वडिलांचं नाव कुठे मधे, कुठे गायब. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण जर्मन कारकुनाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. पासपोर्ट प्रमाण धरा आणि बाकी सगळे कागद त्याच्या स्पेलिंगला आणा. दाखला हिंदीत असेल तर जर्मन किंवा इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टची झेरॉक्स देऊन मगच बसवा.

मुलींसाठी एक जास्तीची गोष्ट. लग्नात नाव बदललं असेल तर घरात त्या नावाने खुशाल हाका मारू देत. पासपोर्टवर मात्र फाइल पूर्ण होईपर्यंत माहेरचंच राहू द्या. नवराबायकोचं आडनाव एक नसलं तर जर्मनीत कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही. सासूबाईंना हे कुणी समजवायचं, ते तुमचं तुम्ही बघा.

आपल्या राज्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जातात. हवा तो राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे डी प्रकारचा, जोडीदाराकडे राहायला जाण्यासाठीचा. टूरिस्ट व्हिसावर जाऊन तिकडेच बदलून घेऊ, हा सल्ला देणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकू नका. फी 75 युरो, भरायची रुपयांत. जोडीदाराकडून पासपोर्ट आणि रहिवासी कार्डाची प्रत, पत्तानोंदणीचा कागद, पगाराच्या पावत्या, भाडेकरार हे मागवून ठेवा. अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी निघालात की सकाळी मुंबई, बोटांचे ठसे आणि कागद देऊन त्याच रात्री परत येता येतं.

त्यानंतर फाइल मुंबईत नुसती पडून राहत नाही. जोडीदार ज्या गावात राहतो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे, आउसलेंडरबेहोर्डेकडे, ती संमतीसाठी जाते. उशीर बहुतेक तिथेच होतो, म्हणून मुंबईला रोज फोन लावून उपयोग नाही. विचारपूस करायचीच तर जोडीदाराने तिकडून, त्या कार्यालयात, जर्मनमध्ये ईमेल करून करावी. वाट बघायचे हे महिने कसे घालवता यावर पुढची दोन वर्षं ठरतात असं माझं पक्कं मत आहे, आणि नेमके याच महिन्यांत लोक केळवणं खात फिरतात.

भाषा शिका. जोडीदाराकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असेल तर ए-वन, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पायरीच्या, परीक्षेची अट नाही. कुशल कामगारांच्या आणखी काही परवान्यांनाही सूट आहे. जोडीदार जर्मन नागरिक असेल तर मात्र साधारणपणे ए-वन लागतेच. बायकोकडे ब्लू कार्ड असल्यामुळे मला सक्ती नव्हती, तरी मी दिली, कारण मी इंदूरच्या सियागंज बाजारात हिशोब लिहिणारा माणूस. इंजिनिअरचं इंग्रजीवर निभतं, हिशोबनिसाचं निभत नाही.

ही परीक्षा घेणारी जर्मन संस्था, मॅक्स म्युलर भवन, इंदूरात नाही, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. शिकणं ऑनलाइन होतं. शंभरपैकी साठ गुण मिळाले की पास. ऐकणं, वाचणं, लिहिणं मिळून तासाभराच्या थोडं वर. लिहिण्यात एक फॉर्म भरायचा आणि तीसेक शब्दांचा निरोप लिहायचा. बोलण्याची परीक्षा चारेक जणांच्या गटात होते: आपली ओळख द्या, नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर सांगा, एखादा नंबर म्हणा, मग चिठ्ठीवरच्या शब्दावरून समोरच्याला प्रश्न विचारा. लोक अडकतात ते स्पेलिंगमध्ये. जेला ते योट म्हणतात, व्हीला फाउ, डब्ल्यूला वे. आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आरशासमोर पाठ करा. पुढे जर्मनीत प्रत्येक फोनवर हेच करायचं आहे.

मराठी माणसाला यात थोडी सवलतही आहे. तो-ती-ते अशी तीन लिंगं आपल्याकडे आधीच आहेत, आणि एकवीस-बावीसमध्ये एकक आधी बोलायची सवयही. क्लासमध्ये माझ्या हिंदी भाषक मित्राला टेबल पुल्लिंगी का आणि मुलगी नपुंसक का याचा फार त्रास झाला. मी "ते मूल" म्हणत वाढलेला, मला त्रास झाला नाही.

निघण्याआधी पैशाचंही एक काम उरका. परदेशी स्थायिक झालात की इथलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करावं लागतं. बँकेत स्वतः जाऊन सह्या करून निघालात तर पुढची कुरिअरची यातायात वाचते. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं मात्र उघडता येत नाही.

पोहोचल्यावर पहिलं काम पत्तानोंदणी, आनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, घरमालकाची सही असलेला फॉर्म घेऊन. या एका कागदामागून सगळं येतं. करक्रमांक पोस्टाने घरी येतो. आरोग्य विमा जोडीदाराच्या सरकारी विम्यात, तुमची कमाई नसेल तर, जादा पैसे न भरता होतो. मग परदेशी नागरिक कार्यालयात रहिवासी कार्ड. कार्डावर नोकरीची परवानगी आहे असं छापलेलं असतं, ते वाचून घ्या. नवरा किंवा बायको म्हणून आलेल्याला जर्मनीत नोकरी करता येते, वेगळा अर्ज लागत नाही. अमेरिकेतल्या चुलतबहिणीचं ऐकून बरेच जण उगाच घरी बसतात.

टपालपेटी रोज उघडा. रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र तुमच्या नावाने येईल, महिन्याला 18.36 युरो. वर्गणी घरटी एकच असते. जोडीदार भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवून टाका, विषय संपला. पत्र कचऱ्यात टाकलंत तर मात्र संपत नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणून जरा जास्त लिहितो. लग्न झालेल्यांना करवर्ग, म्हणजे पगारातून दरमहा किती कर कापायचा त्याचा गट, निवडता येतो: दोघांनी चार-चार, किंवा कमावणाऱ्याने तीन आणि दुसऱ्याने पाच. एकच जण कमावत असेल तर तीन-पाचमध्ये दरमहा हातात जास्त पडतं, म्हणून सगळे तेच घेतात. मग पाचवाल्याला नोकरी लागते आणि पहिली पगारपावती बघून त्याला वाटतं, एवढ्यासाठी कशाला मरमर करायची? वर्षाच्या शेवटी विवरणपत्र भरलं की दोघांचा मिळून कर दोन्ही पद्धतींत तेवढाच येतो. पण बेकारी भत्ता आणि मूल झाल्यावर मिळणारा पालक भत्ता हे हातात येणाऱ्या पगारावर मोजतात, आणि तिथे पाचवाल्याचं नुकसान होतं. मूल हवं असेल तर करवर्गाचा विचार आधीपासून करा. हे बायकांना सहसा कुणी सांगत नाही. आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं पहिल्याच महिन्यात उघडा, त्यात शंभर युरो का असेनात.

कागद झाले की रिकामा दिवस सुरू होतो. जोडीदार सकाळी सातला बाहेर पडतो. डिसेंबरात साडेचारला अंधार. इंदूरला तोपर्यंत रात्रीचे नऊ झालेले असतात, आईशी बोलून झालेलं असतं, आणि शेजारी कुणी बेल वाजवत नाही. पोहे-जिलेबीच्या ठेल्यावर उभ्या उभ्या चार माणसं भेटायची सवय असलेल्याला हे फार जड जातं. बाई असेल तर लोक म्हणतात रुळेल हळूहळू. पुरुष असेल तर विचारतात, दिवसभर करता काय?

यावर मला लागू पडलेलं औषध म्हणजे इंटिग्रेशन कोर्स. जोडीदाराकडे राहायला आलेल्याचा त्यावर हक्क असतो. पहिलं कार्ड मिळतानाच कार्यालयात पत्र मागा. भाषेचे 600 तास आणि देशाची ओळख करून देणारे 100. शेवटी बी-वनची, म्हणजे ए-वनच्या दोन पायऱ्या वरची, परीक्षा आणि 33 प्रश्नांची एक चाचणी. तिचे संभाव्य 310 प्रश्न आधीच जाहीर असतात, पाठांतरात वाढलेल्या आपल्या लोकांसाठी ती लग्नातल्या पंगतीइतकी सोपी. खरा फायदा वेगळा: रोज सकाळी अंघोळ करून कुठेतरी जायचं असतं, आणि वर्गात सीरियाचा न्हावी आणि ब्राझीलची दंतवैद्य तुमच्याइतकंच वाईट जर्मन बोलतात. पदवीची तुल्यता तपासायचा अर्जही याच काळात टाकून द्या.

मुलींसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी, एक गंभीर गोष्ट. तुमचा राहण्याचा हक्क सुरुवातीला लग्नावर टांगलेला असतो. जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाला की तो स्वतंत्र होऊ शकतो. घरात मारहाण किंवा छळ असेल तर तीन वर्षं पुरी व्हायची वाट बघावीच लागते असं नाही, अशा प्रसंगांसाठी कायद्यात अपवाद आहे. "तक्रार केलीस तर परत पाठवतील" ही धमकी ऐकून गप्प बसू नका. 116016 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो. पोलीस 110. पासपोर्ट आणि कार्ड स्वतःच्या पर्समध्ये; "हरवशील, माझ्याकडे दे" याला नम्रपणे नाही म्हणायचं.

बाकी सवयी लागतात. रविवारी दुकानं बंद, रात्री दहानंतर मिक्सर नाही. प्लास्टिकची बाटली दुकानात परत दिली की 25 सेंट मिळतात. कचऱ्याचं इंदूरकराला काय शिकवायचं! 2017 पासून देशात पहिला नंबर मिरवतो आपण, ओला-सुका लहान पोरालाही कळतो. फक्त तिथे कागद वेगळा, पॅकिंगचं प्लास्टिक वेगळं, आणि काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा तीन पेट्यांत. रविवारी त्या टाकायच्या नाहीत, आवाज होतो. स्टुटगार्टकडे आणखी एक प्रकार आहे, केअरवोखे. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. मी खराटा घेऊन जिना झाडला तेव्हा खालच्या आजीबाई पहिल्यांदा स्वतःहून बोलल्या, कोपरा राहिलाय हे सांगायला.

गाडी चालवायची तर भारतीय लायसन्स पहिले सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा.

बॅग भरताना: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, मावाबाटी घरीच ठेवा. ताजा कढीपत्ताही नाही. शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आपला मसाला) न्या, भरपूर न्या. पोहे तिकडच्या भारतीय दुकानात मिळतात, जीरावन मिळत नाही.

आईवडिलांना बोलवायचं असेल तर त्यांना शेंगेन, म्हणजे युरोपातल्या छोट्या मुक्कामाचा, व्हिसा: 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, फी माणशी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोचा प्रवासी आरोग्य विमा. खर्चाची हमी तुम्ही तिकडच्या कार्यालयात लिहून द्या, म्हणजे बाबांना एफडी मोडायला नको. मे-जूनमध्ये बोलवा, रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि फिरता येतं. दिवाळीनंतर बोलावलंत तर आठव्या दिवशी परतीचं तिकीट विचारतील.