आमवातात हात वाचवायचे कसे

मला आमवात आहे हे २०११ साली कळलं. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते, सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि सकाळी फळ्यावर खडू धरता येईना. त्याआधीचं वर्षभर "थंडीचे दिवस आहेत, होतं असं" हेच ऐकलं होतं. नुकतंच निदान झालेल्या बायकांचे मला फोन येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. औषध कोणतं हे तुमचे संधिवाततज्ज्ञ ठरवतील. मी सांगणार ते घरातलं.

आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, ते सुजतं आणि पुढे हाड झिजवतं, असा हा आजार आहे. म्हणून दोन कामं सारखीच महत्त्वाची आहेत: औषधाने सूज आवरायची आणि सुजलेल्या सांध्यावर ओझं टाकायचं नाही. दुसरं काम डॉक्टर करू शकत नाहीत.

सकाळपासून सुरुवात करा, कारण या दुखण्यात सकाळच सगळ्यात अवघड. रात्रभर न हललेले सांधे गंजल्यासारखे होतात आणि सुटायला तासभर, कधी त्याहून जास्त वेळ घेतात. मला साडेसातला घराबाहेर पडायचं असेल तर मी पाचला जागी होते, पण उठत नाही. उशाशी दोन बिस्किटं, डॉक्टरांनी सकाळसाठी दिलेली गोळी आणि पाण्याची बाटली असते. बाटलीचं झाकण रात्रीच सैल करून ठेवायचं. पहाटे ते फिरवता येत नाही. गोळी रात्रीच पाकिटातून काढून छोट्या वाटीत ठेवायची. मग पांघरुणातच बोटं हळूहळू मिटायची, उघडायची, मनगट फिरवायचं, घोटे हलवायचे. सहाला उठून कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून बसते. आखडलेल्या सांध्याला ऊब बरी वाटते. जो सांधा लाल, गरम आणि फुगलेला असेल त्याला मात्र शेक देऊ नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावा.

आता स्वयंपाकघर. एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ होईल: बोटांचं काम तळव्याला द्या, तळव्याचं कोपराला, कोपराचं खांद्याला. भाजीची पिशवी बोटांत लटकवू नका, कोपरापासून पुढच्या हातावर अडकवा. कढई एका कानाने उचलू नका, दोन्ही हातांनी, तळवे खालून देऊन उचला. भरलेला कुकर तर उचलूच नका. भांडं आधी शेगडीवर ठेवून मग पेल्याने पाणी घाला. बरणीचं झाकण उघडायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या, झाकणावर ठेवा आणि तळवा दाबून फिरवा. लाटण्याच्या दोन्ही मुठींना आणि उलथन्याच्या दांड्याला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळून दोऱ्याने बांधा, मूठ जाड झाली की पकड कमी लागते. कणीक जरा सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवली की मळण्याचे कष्ट निम्मे होतात. विळी मी सोडली. जमिनीवर बसणं आणि उठणं गुडघ्यांना परवडत नाही. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलं आहे, त्यावर बसून सुरीने चिरते. कपडे पिळू नका, नळावर टाकून निथळू द्या. फिरकीचा नळ बदलून दांडीचा बसवून घ्या, तो मनगटाने ढकलता येतो. ब्लाउजच्या हुकांच्या जागी मी वेल्क्रो शिवून घेतलं. शिंपीणबाईंनी कारण न विचारता करून दिलं, त्याचं मला फार बरं वाटलं होतं.

वाईट दिवसापेक्षा चांगल्या दिवसाची भीती जास्त बाळगा. २०१६ च्या दिवाळीत हात हलके वाटत होते, म्हणून दोन किलो भाजणीच्या चकल्या मी एका बैठकीत पाडल्या. सोऱ्या घट्ट धरायचा, दाबायचा आणि पिळायचा, म्हणजे बोटांना नको ते सगळं एकत्र. चार दिवस मनगट मुठीएवढं सुजलं होतं आणि लक्ष्मीपूजनाला साडी जाऊबाईंनी नेसवली. तेव्हापासून घड्याळ लावते. कोणतंही एकसारखं हातकाम वीस मिनिटं, मग दहा मिनिटं हात मांडीवर. दुखायला लागल्यावर थांबू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

घरच्यांना कसं सांगायचं हे मला शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला. हा आजार बाहेरून दिसत नाही. काल लग्नात हिंडणारी बाई आज कपही उचलू शकत नाही, हे कुणाला खरं वाटावं? रोज "कसं वाटतंय?" या प्रश्नाचं उत्तर देण्यानेही माणूस थकतं. म्हणून आम्ही घरात एक खूण ठरवली आहे. ओट्यावरचा पितळी तांब्या पालथा असला, की आज माझे हात नाहीत. ह्यांना तो दिसला की न बोलता कुकर लावतात, मुलगा दूध तापवतो. पालथा तांब्या म्हणजे मी रागावले आहे किंवा खचले आहे असं नाही, एवढं मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगते. आमवातात बहुतेकांना मेथोट्रेक्सेट देतात. ती आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. एकदा औषध देणाऱ्याने माझ्या पाकिटावर "रोज एक" लिहून दिलं होतं. वार ठरलेला होता म्हणून मी वाचले. तुम्हीही वार ठरवा. माझा रविवार. गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारायची, आणि हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असायला हवं. सोबतचं फॉलिक ॲसिड आणि ठरल्या वेळची रक्ततपासणी बरं वाटतंय म्हणून सोडू नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, या गोळीवर असताना गर्भ राहणं धोक्याचं असतं.

आणि पुड्या. सासूबाईंनी मायेने आणलेल्या पुडीने माझे हात तीन दिवसांत मोकळे झाले होते. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. तुम्ही घेत असाल तर लपवू नका आणि एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. चिंच, दही, टोमॅटो सोडून आमवात जात नाही. मी सगळं खाते.

झोपताना गुडघ्याखाली उशी घ्यायचा मोह होतो. रोज घेऊ नका, गुडघा वाकलेलाच राहायला लागतो. जड गोधडीऐवजी दोन हलकी पांघरुणं घ्या, कूस बदलताना बोटांना ओढ बसत नाही.

फ्रिजच्या दारावर एक कागद लावून ठेवा: औषधांची नावं, गोळीचा वार, डॉक्टरांचा फोन. त्याखाली मोठ्या अक्षरात लिहा: ताप आला, तोंडात फोड आले, दम लागला, किंवा एकच सांधा अचानक गरम होऊन हलवता येईना, तर त्याच दिवशी फोन करायचा. आमच्याकडे तो कागद मुलाच्या अक्षरात आहे, कारण लिहिला त्या दिवशी तांब्या पालथा होता.