आधी रिकामी भांडी गोळा करा

लेकरं लहान असताना आईनं मोठं स्वप्न पाहावं कसं, याची अगदी कामाची कृती पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात आहे: २ राजे, अध्याय ४, वचनं १ ते ७. एका बाईचा नवरा वारलेला, सावकार दोन्ही मुलांना दास म्हणून न्यायला निघालेला, आणि घरात तेलाचं एक भांडं. अलीशा संदेष्टा तिला विचारतो, तुझ्या घरात काय आहे? मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडकी आणू नकोस, आत जाऊन दार लाव आणि ओत, असं सांगतो. याच पायऱ्या धरून चालू.

मुलांच्या जुन्या वहीतलं एक कोरं पान घ्या आणि घरात काय आहे ते लिहा. 'सहनशीलता', 'माया' असलं नको. वस्तू आणि हुन्नर लिहा: शिलाई मशीन, गच्ची, नववीची मार्कशीट, बिबडे-कुरडयांचा हात, लहान मुलांना गोष्ट सांगायची हातोटी. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊनही लिहा. वाळवण करणारीला ते भांडवलच आहे. पान रिकामं राहिलं तर जावेला नाहीतर शेजारणीला विचारा. आपल्याला जे क्षुल्लक वाटतं ते दुसरीला लगेच दिसतं.

त्याखाली एकच वाक्य लिहा, महिना घालून. 'लेकरांचं भलं होऊ दे' ही प्रार्थना झाली, ती रोज करा. स्वप्नाचं वाक्य वेगळं: 'पुढच्या मार्चमध्ये मी दहावीला बसेन' किंवा 'येत्या उन्हाळ्यात दहा घरांना कुरडया देईन'. दहावी राहिली असेल तर बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी फॉर्मची चौकशी पावसाळ्यातच जवळच्या माध्यमिक शाळेत करा. दिवाळीनंतर जाग आली की वर्ष गेलं.

आता दार लावायचं, म्हणजे स्वतःची ठरलेली वेळ बाजूला काढायची. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथंच. उत्साहाच्या भरात पहाटे चारला उठायचं ठरतं; रात्री बाळ दोनदा उठतं, सकाळी नळाला पाणी येतं आणि चौथ्या दिवशी सगळं बंद. स्तोत्र १२७ चं दुसरं वचन तर पहाटे उठून नि रात्री उशिरा बसून कष्टाची भाकरी खाण्याला व्यर्थ म्हणतं. खानदेशात उन्हाळ्यातली दुपार धरा. वाळवण सकाळीच पसरून होतं, दीड ते तीन गल्लीत कुणी फिरकत नाही, लेकरं झोपलेली असतात. वीस मिनिटं, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे वर्षाला ८६ तास. पहिली पाच मिनिटं एक स्तोत्र आणि प्रार्थना, उरलेली पंधरा कामाची. १२० ते १३४ ही आरोहणस्तोत्रं (वर चढून जातानाची गीतं) घ्या. एक १३२ वं सोडलं तर सगळी आखूड आहेत. पंधरा स्तोत्रं तीन आठवड्यांत होतात. फोन स्वयंपाकघरात ठेवा, नाहीतर वचन शोधता शोधता रील सुरू होतं. ज्या कापूस वेचायला जातात त्यांनी दिवाळीपासून जानेवारीपर्यंत नवं काही सुरू करू नये. त्या काळात नुसतं स्तोत्र चालू ठेवलं तरी पुष्कळ.

भांडी, म्हणजे मदत, मागायला मात्र बाया लाजतात. चर्चच्या महिला सभेत 'माझ्यासाठी प्रार्थना करा' एवढंच सांगितलं जातं, आणि नेमकं काय हवं ते कुणाला कळत नाही. दिवस आणि वेळ घालून मागा: "ताई, बुधवारी दोन ते चार लेकरू तुमच्याकडं ठेवू का? शनिवारी तुमच्या दोघांना मी बघते." परतफेड त्याच वाक्यात सांगितली की समोरचीला हो म्हणणं सोपं जातं. पाळकबाईंकडं दहावीची जुनी पुस्तकं मागा, शेजारणीकडं मोठी परात आणि चादर मागा.

पैशाचं लूक १४:२८ प्रमाणे करा: बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब. गहू, तेल, गॅस, पिशव्या, रिक्षाभाडं आणि स्वतःची मजुरीही लिहा. मजुरी सोडली की नफा कागदावरच दिसतो. ओळखीच्या घरांना उधार देऊ नका. त्या विधवेला तेल विकून आधी कर्ज फेड, उरलेल्यावर तू नि मुलं जगा, असं सांगितलं होतं. गटाच्या कर्जाचा हप्ता चालू असेल तर पहिली कमाई तिकडं जाऊ द्या. नव्या कामासाठी दुसरं कर्ज उचलू नका. 'विश्वासानं घ्या, प्रभू फेडेल' असं कुणी म्हटलं तरी नाही.

नीतिसूत्रे ३१ वाचून खचणाऱ्या पुष्कळ जणी असतात. त्यातली सद्गुणी बाई शेत घेते, द्राक्षमळा लावते, वस्त्रं विकते, आणि रात्री तिचा दिवा विझत नाही. पण १५ व्या वचनात तिच्या घरी दासी आहेत, हे सभेत क्वचितच कुणी वाचून दाखवतं. शिवाय ते इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांवर रचलेलं काव्य आहे, एका दिवसाचं वेळापत्रक नव्हे. आयुष्यभराची कामं तिथं एका पानावर आली आहेत.

घरात सांगताना 'प्रभूनं मला सांगितलं' इथून सुरुवात करू नका. नवऱ्याला किंवा सासूबाईंना त्यावर बोलायला जागाच उरत नाही, मग विरोध दुसऱ्या वाटेनं येतो: भाजी खारट, मुलाला कमी मार्क. वहीचं पान दाखवा, वेळ दाखवा, तीन महिन्यांची मुदत मागा. मुदत संपली की हिशेब त्यांच्यासमोरच करा.

लेकराला ताप आला, पाहुणे आले, आठवडा बुडाला, तर बुडालेली मिनिटं भरून काढायला बसू नका. ज्या स्तोत्रावर थांबलात तिथं वहीत खूण ठेवा आणि सोमवारी तेच पुन्हा वाचा.