बुडापेस्टचा पहिला हिवाळा आणि गरम पाण्याची कुंडं

नोव्हेंबर लागला की इथे दुपारी चारलाच अंधारून येतं. नोकरीसाठी किंवा शिकायला नव्याने आलेल्या मराठी घरांतून मग एकच सूर ऐकू येतो, की घराबाहेर पडावंसंच वाटत नाही. माझाही पहिला हिवाळा खिडकीशी बसून गेला. दुसऱ्या वर्षी ऑफिसातली एक मैत्रीण मला सकाळी सातला ‘फ्युर्दो’ला घेऊन गेली. त्याला आता अकरा हिवाळे झाले, आणि आठवड्यातली एक सकाळ मी अजून तिथेच असते. म्हणून नवीन कुणी आलं की मी आधी हेच सांगते. पाहुणे आल्यावर दाखवायची जागा म्हणून कुंडं बाजूला ठेवू नका, पहिल्याच महिन्यात स्वतःसाठी जा.

फ्युर्दो म्हणजे स्नानगृह. डॅन्यूब नदीने शहराचे दोन भाग केले आहेत, बुडा आणि पेश्त. बुडाच्या बाजूचे डोंगर चुनखडी आणि डोलोमाइटचे आहेत. पावसाचं पाणी त्यांत खोल मुरतं, जमिनीच्या पोटात तापतं आणि डॅन्यूबच्या काठाने खडकाला जी मोठी भेग गेली आहे तिच्यातून वर येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं पाहिलेल्या माणसाला हे नवं नाही, फक्त इथे ते देशाच्या राजधानीत, ट्रामच्या थांब्यापाशी घडतं. शहरात असे शंभराहून जास्त झरे आहेत. रोमन लोकांनी ते वापरले, पुढे १५४१ ते १६८६ या काळात तुर्कांनी त्यांवर घुमट बांधले.

सगळ्यांना माहीत असतं ते सेचेनी. ते मात्र नदीच्या पलीकडे, पेश्तच्या सपाटीवर आहे, आणि तिथलं पाणी आपणहून वर आलेलं नाही. विल्मोश झिग्मोंदी नावाच्या अभियंत्याने १८६८ पासून दहा वर्षं तिथे जमीन खोदली. १८७८ मध्ये ९७० मीटरवर ७४ अंशांचं पाणी लागलं. त्या पाण्याच्या जोरावर १९१३ मध्ये ही पिवळी, राजवाड्यासारखी इमारत उभी राहिली आणि बाहेरचे मोठे तलाव १९२७ मध्ये आले. पिवळ्या मेट्रोने जा; १८९६ सालची ही लाइन आहे, आणि तिच्या स्टेशनाचं नावच सेचेनी फ्युर्दो आहे. पण शनिवारी दुपारी दहा जणांचा घोळका करून जाऊ नका. कामाच्या दिवशी, उघडल्या उघडल्या जा. बाहेर शून्याखाली थंडी, पाणी ३८ अंश, वाफेमुळे पलीकडचा काठ दिसत नाही, आणि त्या वाफेत छातीपर्यंत पाण्यात उभे राहून आजोबा मंडळी बुद्धिबळ खेळत असतात. तो डाव मी कितीदा तरी काठावरून पाहिला आहे. बघत उभं राहिलं तर कुणाची हरकत नसते, मध्ये बोलू मात्र नये.

तिकिटाच्या खिडकीवर विचारतात, कपाट हवं की केबिन? पहिल्या वेळी केबिनच घ्या. थोडे फोरिंट जास्त जातात, पण दार लावून निवांत कपडे बदलता येतात. कपाटवाल्या खोल्यांमध्ये माणसं मोकळेपणाने कपडे बदलतात, त्याची आपल्याला सवय नसते. हाताला एक पट्टा देतात, त्यानेच दार उघडतं आणि बंद होतं. बंद झालंय ना, हे हाताने ओढून बघा. आत ‘फेर्फी’ म्हणजे पुरुष आणि ‘नोई’ म्हणजे स्त्रिया, एवढे दोन शब्द आधीच पाठ करा.

सोबत टॉवेल, पाण्याची बाटली आणि रबरी सपाता घ्या. सपातांना इथे ‘पॉपुच’ म्हणतात. मूळ फारसी शब्द तुर्कांबरोबर इकडे आला, आणि तोच शब्द आपल्याकडे पायपोस होऊन राहिला. हे कळलं त्या दिवशी मला ही भाषा जरा कमी परकी वाटली. लांबी मोजून पोहायच्या तलावात डोक्याला टोपी लागतेच, गरम कुंडांत नाही.

आपल्या बायकांचं पहिलं घोडं कपड्यांपाशी अडतं. माझा पोशाख गुडघ्यापर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा आहे आणि आजवर कुणी वळून पाहिलेलं नाही. कापड मात्र पोहण्याचंच हवं. सुती टी-शर्ट, लेगिंग, पुरुषांची आतली चड्डी असलं घालून पाण्यात उतरायचं नाही. उतरण्याआधी शॉवरखाली साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं. केसांना तेल लावून तर अजिबात जाऊ नका. अभ्यंग घरी करा, ते पाणी सगळ्यांचं आहे.

आणि चांदी काढून ठेवा. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा जोडवी काढायला तयार नव्हत्या. ‘अगं, लग्नापासून बोटातून निघाली नाहीत,’ म्हणाल्या. मीही आग्रह केला नाही. कुंडातून बाहेर आलो तर जोडवी कोळशासारखी काळी. पाण्यातल्या गंधकाने होतं ते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. घरी येऊन टूथपेस्ट लावून आम्ही दोघींनी ती घासली, पण कोरीव भागातला काळेपणा काही गेला नाही. तेव्हापासून मी बॅगेत एक जुनी कुंकवाची डबी ठेवते. जोडवी, पैंजण, चांदीची अंगठी, सगळं तिच्यात.

एका वेळी वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. ही पाटी सगळीकडे असते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. सुरुवातीच्या दिवसांत मी गप्पांच्या नादात पाऊण तास बसले, उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या बाईने दंडाला धरलं नसतं तर पायऱ्यांवरच पडले असते. बाहेर येऊन दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग वाटलं तर पुन्हा उतरा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. लहान मुलांना ही औषधी कुंडं मानवत नाहीत आणि त्यांना प्रवेशाची अटही असते. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात नदीतल्या मार्गित बेटावरचं पॉलॉतिनुश हे पोहण्याचं ठिकाण चांगलं.

जुनं पाहायचं असेल तर रुदॉश. सोळाव्या शतकातला तुर्की घुमट, खाली आठ खांबांच्या मधोमध अष्टकोनी कुंड, घुमटातल्या रंगीत काचांमधून पाण्यावर पडणारे कवडसे. तिथे पुरुषांचे आणि स्त्रियांचे वार वेगळे असतात, शनिवार-रविवार एकत्र. जायच्या आदल्या दिवशी वार बघून घ्या. गेलेर्त हे दुसरं प्रसिद्ध स्नानगृह २०२५ च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद आहे, तिकडे हेलपाटा घालू नका.

पण मला विचाराल तर सवय लावायची ती लुकाचची. मार्गित पुलाच्या बुडाकडच्या टोकापासून थोडंच अंतर. दिखाऊ काही नाही. येणारे बरेचसे आसपासचे, वयस्कर, गुडघे-कंबर धरलेले. पोटासाठी पाणी प्यायला वेगळी जागा आहे. अंगणातल्या भिंतीवर संगमरवरी फलक लावलेले दिसतील, इथल्या पाण्याने बरं वाटलेल्या माणसांनी आभार म्हणून बसवलेले, वेगवेगळ्या भाषांमधले, कितीतरी जुने. सासूबाईंना मी ते काय आहेत ते सांगितलं. त्यांनी एका फलकावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘नवस फेडलाय गं यांनी.’

इथल्या आरोग्य विम्याचं कार्ड तुमच्याकडे असेल आणि सांधे खरंच दुखत असतील, तर सांधेतज्ज्ञ डॉक्टर हे स्नान औषधासारखं लिहून देऊ शकतात, मग ते सवलतीत मिळतं. भेटीला आलेल्या आईवडिलांना ती सोय नाही.

आवाज खाली ठेवा. फोन कपाटातच राहू द्या. वाफेत उघड्या अंगाने बसलेल्या लोकांचे फोटो काढणं फार वाईट दिसतं. पाण्यात शेजारच्याला ‘यो नॉपोत’ म्हणा, म्हणजे नमस्कार. हंगेरियन माणूस आपणहून बोलत नाही, पण तीन-चार आठवडे तोच चेहरा दिसला की मान हलवायला लागतो.

आणि हिवाळ्यात केस पुरते वाळवल्याशिवाय बाहेर पडू नका. माझे केस लांब. एकदा लुकाचमध्ये घाईत अर्धे ओले केस बांधून निघाले, तर सत्तरीच्या एक बाई माझ्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. हाताला धरून त्यांनी मला परत केस वाळवायच्या यंत्राखाली बसवलं, अंबाडा सोडला आणि बट न बट वाळेपर्यंत माझे केस हातात धरून उभ्या राहिल्या. त्या सगळ्या वेळात हंगेरियनमध्ये मला रागावत होत्या. मला त्यातला एकच शब्द कळला, शॉप्का. टोपी. ती त्यांनीच माझ्या बॅगेतून काढली आणि कानांवरून खाली ओढली.