उत्कलनबिंदूतली वाढ मोजताय? या चुका टाळा

पाण्यात साखर किंवा मीठ विरघळवलं की ते 100 अंशांच्या पुढे उकळतं, हे सगळ्यांना पाठ असतं. किती पुढे, असं विचारलं की गाडी अडते. 1 किलो पाण्यात 1 मोल (कणांची संख्या मोजायचं एकक) साखर, म्हणजे तब्बल 342 ग्रॅम, विरघळवली तरी उत्कलनबिंदू वाढतो जेमतेम 0.51 अंश सेल्सिअस. सगळं मोजमाप या अर्ध्या अंशाचं आहे, आणि नवशिक्यांची घाई नेमकी तिथेच नडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शुद्ध पाण्याचं वाचन न घेता पुस्तकातले 100 अंश धरून चालणं. वायुदाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे 0.028 अंशाने उतरतो. मी एकदा शुद्ध पाण्याचं वाचन आदल्या दिवशी घेऊन ठेवलं आणि साखरेचं द्रावण दुसऱ्या दिवशी उकळलं. वाढ आली 0.1 अंश. वजनं पुन्हा केली, नवी साखर घेतली, तीनदा द्रावण बनवलं, उत्तर तेच. संध्याकाळी वैतागून नुसतं पाणी उकळलं, तर तेच कालच्यापेक्षा 0.4 अंश खाली उकळत होतं. रात्रीत आभाळ भरून आलं होतं आणि दाब 15 हेक्टोपास्कलने घसरला होता. साखरेने जे वाढवलं, ते हवेने खाल्लं होतं. तेव्हापासून मी द्रावणाच्या आधी आणि नंतर, त्याच तापमापीने, नुसतं पाणी उकळून बघतो. अर्धा तास जास्त जातो. तो वाचवणाऱ्यांच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

तापमापी वाफेत धरू नका. द्रावणातून वर येते ती निव्वळ पाण्याची वाफ. ती तापमापीच्या टोकाच्या फुग्यावर थंडावून पाण्याचा थर बसतो आणि तापमापी शुद्ध पाण्याचाच उत्कलनबिंदू दाखवते. मग ‘काहीच वाढ झाली नाही’ अशी नोंद होते. फुगा द्रवात बुडवावा, तर तळाशी द्रव गरजेपेक्षा जास्त तापलेला असतो. कॉट्रेल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1919 मध्ये यावर उपाय काढला: उकळीच्या बुडबुड्यांच्या जोरावर द्रावण वर चढवायचं आणि वाफेतल्या फुग्यावर सतत ओतत राहायचं. ते उपकरण नसेल तर मी फुगा द्रवात, पण तळापासून वर धरतो आणि आच मंद ठेवतो.

उकळी शांत यावी म्हणून सच्छिद्र खडे टाकतात, ते द्रव थंड असतानाच टाका. तापलेल्या द्रवात टाकले तर तो उसळून अंगावर येतो. उकळत्या पाण्यात मीठ टाकल्यावर फेस उसळतो तोही याच कारणाने, कणांभोवती बुडबुडे धरतात म्हणून. उत्कलनबिंदू वाढल्याची ती खूण नव्हे. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम मिठाने वाढ होते ती 0.2 अंशाहूनही कमी.

मिठाचे पाण्यात दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात, म्हणून विरल द्रावणात परिणाम जवळपास दुप्पट धरा.

अल्कोहोलसारखं उडून जाणारं द्राव्य इथे चालत नाही. त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू उलट खाली येतो.

वाचन स्थिर व्हायची वाट बघत भांडं उघडं ठेवू नका. पाणी उडतं, द्रावण दाट होतं आणि पारा चढतच राहतो. वर संघनक, म्हणजे वाफ थंड करून पाणी परत भांड्यात सोडणारी नळी, लावा.

आणि मोल मोजायचे ते दर किलो द्रावकामागे (इथे पाण्यामागे), दर लिटर द्रावणामागे नाही.