फणसाडची पायवाट आणि काशीदचा किनारा

मुरूडजवळचे फणसाड अभयारण्य, जे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते आणि ज्याला 1986 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, ते पायी पाहण्यासाठी सुपेगावच्या प्रवेशद्वारापाशी उजाडताच पोहोचावे, वनखात्याकडे नोंद करावी आणि गावातला वाटाड्या सोबत घ्यावा. येथे पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात; उन्हाळ्यात प्राणी-पक्षी या गाणांवरच येत असल्याने भटकत राहण्यापेक्षा तेथे आडोशाला गप्प बसणे अधिक फलदायी ठरते. शेकरू दिसण्यासाठी मात्र नजर झाडांच्या शेंड्यांकडे हवी. भडक कपडे टाळावेत आणि पिण्याचे पाणी स्वतःजवळ ठेवावे.

संध्याकाळी काशीदच्या वाळूवर चालायचे असल्यास ओहोटीची वेळ साधावी. त्यासाठी कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे कळते, म्हणजे चतुर्थीला सुमारे 3 वाजता, आणि त्यानंतर सहा तासांच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. त्या दिवसांत खडकांच्या टोकावर जाऊ नये.