बासचं सामान, इंदूरची मरळ: रॉड-रीळ निवडणं, बेटकास्टर बसवणं आणि सगळं टिकवणं

बास हा उत्तर अमेरिकेतला मासा. तो चोरल धरणात नाही, नर्मदेतही नाही. तरी ऑनलाइन मागवलेल्या कितीतरी रॉडवर त्याचंच चित्र असतं, आणि त्यात बिघडलं काहीच नाही. शेवाळ-कमळाच्या पानांखाली दबा धरून बसायचं आणि वरून जाणाऱ्या बेडकावर झडप घालायची, हा त्याचा धंदा आपल्याकडे मरळ करते. त्यामुळे सामान तेच चालतं. सल्ले मात्र उचलून आणले की फसतात, आणि सगळ्यात जास्त फसतात ते बेटकास्टर रिळाबाबतीत, म्हणजे ज्याचा स्पूल (दोरा गुंडाळलेली फिरकी) फेकताना स्वतः फिरतो त्या रिळाबाबतीत. म्हणून या लेखात अर्धी जागा त्याच रिळाला दिली आहे.

आधी परवानगीचं. आपल्याकडचे तलाव बहुधा मच्छीमार सोसायट्यांच्या ठेक्यात असतात. विचारल्याशिवाय गळ टाकू नका. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. हे दोन महिने सामानाच्या डागडुजीचे.

रॉड

मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ते वाचा, चित्र पाहू नका. मरळीच्या फ्रॉग लूरसाठी (बेडकासारखं नकली आमिष) साडेसहा ते सात फुटी, मीडियम-हेवी ताकदीचा, फास्ट ॲक्शनचा कास्टिंग रॉड घ्या, ज्यावर लूरचं वजन 7 ते 28 ग्रॅम किंवा पाव ते एक औंस लिहिलंय. ‘ताकद’ म्हणजे रॉड किती वजनाला वाकतो, ‘ॲक्शन’ म्हणजे कुठे वाकतो. फास्ट म्हणजे टोकाकडचा तिसरा हिस्साच वाकतो. शेवाळातून मासा ओढायचा तर खालचा भाग ताठ हवाच. दुकानदार या दोन शब्दांची सर्रास गल्लत करतात.

बाकी तपासणी अर्ध्या मिनिटाची: प्रत्येक गाइडच्या (दोरा ज्यातून जातो त्या कडीच्या) रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर रिंगला चीर आहे, आणि तीच चीर पुढे दोरा कापते. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर सांध्यावर मेणबत्ती घासून ठेवा, म्हणजे सांधा अडकून बसत नाही. स्कूटरवरून न्यायला प्लंबरच्या दुकानातला 75 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पुरतो. कार्बनचे रॉड मोडतात ते माशाने नव्हे, गाडीच्या दारात आपटून. वर ओरखडासुद्धा दिसत नाही, पण आत तडा गेलेला असतो आणि पुढच्या ओढीला काठी तिथेच तुटते. कार्बनमधून वीज वाहते हेही विसरू नका. शेतातल्या विजेच्या तारांखाली रॉड उभा धरून चालायचं नाही.

रीळ

डब्यावरच्या बेअरिंगच्या आकड्याला अजिबात भुलू नका. स्वस्तातली अठरा बेअरिंगं चांगल्या पाचांपुढे टिकत नाहीत. पाहायचा आकडा म्हणजे गिअर रेशो: हँडलच्या एका फेऱ्याला स्पूल किती फेरे घेतो. स्पूलचा भरलेला व्यास 34 मिलिमीटर धरला तर त्याच्या एका फेऱ्यात सुमारे 10.7 सेंटिमीटर दोरा बसतो, 7.1:1 रेशोमध्ये हँडलच्या एका फेऱ्याला 76 सेंटिमीटर गोळा होतो, 5.4:1 मध्ये 58. फ्रॉग खेळवताना दोरा मुद्दाम ढिला ठेवावा लागतो आणि मरळीने घेतला की तो ढील झटकन आवरावा लागतो, म्हणून सातच्या आसपासचा रेशो बरा. डावं-उजवं घेतानाच ठरवा. स्पिनिंग रिळाचं (फेकताना ज्याचा स्पूल फिरत नाही त्याचं) हँडल बाजू बदलून लावता येतं, बेटकास्टरचं नाही.

सात-आठ ग्रॅमपेक्षा हलके लूर टाकायचे असतील तर बेटकास्टरशी झगडू नका. 2500 किंवा 3000 आकाराचं स्पिनिंग रीळ आणि 20 पौंडी ब्रेडेड, म्हणजे तंतू विणून केलेला दोरा लावा, प्रश्न मिटला.

दोरा भरणं

फ्रॉगला 50 पौंडी, म्हणजे साधारण 23 किलोचा ब्रेडेड दोरा. गुळगुळीत स्पूलवर हा दोरा थेट बांधला तर आख्खा गोळाच्या गोळा फिरत राहतो आणि वाटतं ड्रॅग (मासा जोरात ओढला की दोरा सरकू देणारी पकड) बिघडलाय. आधी नायलॉनच्या दोऱ्याचे दहा-पंधरा वेढे घ्या, त्याला डबल युनी गाठीने ब्रेडेड जोडा आणि ओल्या फडक्यातून दाबत, ताणूनच भरा. सैल भरलेला दोरा पहिल्या मोठ्या ओढीला खालच्या वेढ्यांत रुततो. स्पूलच्या कडेपासून तीन मिलिमीटर खाली थांबा. काठोकाठ भरायचा मोह आवरा.

बेटकास्टर आवरणं

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला गुंता समजावून सांगावा लागत नाही. पतंग ओढ घेतो तोवर फिरकी सुरळीत फिरते. ओढ थांबली, फिरकी फिरतच राहिली, की मांज्याचा ढीग पायाशी. बेटकास्टरचा स्पूल तीच फिरकी. फेकीच्या पहिल्या क्षणी तो सगळ्यात वेगाने फिरतो. लूर हवेच्या रोधाने मंदावत जातो, स्पूलला ते कळत नाही, तो जास्तीचा दोरा सोडत राहतो. लूर पाण्यावर पडला की दोऱ्याची मागणी एकदम शून्य होते, आणि स्पूल अजून फिरत असेल तर उरलेला गोंधळ तिथे होतो. म्हणजे धोक्याच्या जागा दोन: फेक सुटताना आणि लूर पडताना. पहिलीला ब्रेक सांभाळतो, दुसरीला फक्त अंगठा. ही विभागणी कळली नाही तर कितीही नॉब फिरवा, उपयोग नाही.

आता हँडलच्या बाजूचा टेन्शन नॉब. जुना सल्ला असा की लूर लटकवून सोडा, तो जमिनीला टेकताच स्पूल थांबेल इतका नॉब आवळा. नवशिक्याला पहिल्या दिवशी ठीक. पण याच नॉबने गुंता आवरायचा म्हणून लोक तो आवळतच जातात आणि मग ओरडतात की लूर पंधरा मीटरही जात नाही. नॉबचं काम एवढंच: स्पूल अंगठ्याने डावीकडे-उजवीकडे हलवून बघा, खडखड बंद होईल इतपतच आवळा. तिथून पुढचं ब्रेकवर सोपवा.

ब्रेक दोन प्रकारचे. चुंबकाचा असेल तर बाहेर 1 ते 10 अशी डायल असते. 8 वर सुरू करा. केंद्रोत्सारी असेल तर साइड प्लेट उघडल्यावर स्पूलभोवती बारीक ठोकळे दिसतात, बहुतेक रिळांत चार किंवा सहा. बाहेर सरकवलेला ठोकळा काम करतो, आत ढकललेला नाही. ते समोरासमोरच्या जोडीनेच चालू-बंद करायचे. एका बाजूचेच चालू ठेवले तर स्पूल थरथरतो, आणि माणूस बेअरिंग गेलं म्हणून रीळ खोलून बसतो. सलग वीस फेकी विनागुंता झाल्या की ब्रेक एक घर कमी. वारा तोंडावर असेल तर दोन घरं परत वाढवा, त्यात कमीपणा काही नाही.

फेकीचा सराव पाण्यावर करू नका. पाण्यावर मासा दिसतो, घाई होते. पहाटे चिमणबागेसारखं रिकामं मैदान गाठा, हूक काढलेला 14-15 ग्रॅमचा लूर बांधा आणि सराव संपेपर्यंत ब्रेडेडऐवजी 12 पौंडी नायलॉनचाच दोरा ठेवा. ब्रेडेडचा गुंता आत घट्ट रुततो, नायलॉनचा सुटतो. तुमची सगळ्यात लांब फेक जाते तेवढा दोरा ओढून काढा, आणखी पाच-सात मीटर काढा, मग स्पूलवर उरलेल्या दोऱ्याभोवती चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि काढलेला दोरा परत गुंडाळा. आता कितीही बिनसलं तरी गुंता पट्टीच्या खाली उतरत नाही. या एका पट्टीने वाचणारा दोरा मोजला तर रिळाच्या किमतीचा होईल.

फेकताना रीळ आडवं करा, हँडल आकाशाकडे. लूर टोकापासून वीतभर खाली लटकू द्या. काठी मागे नेऊन तिला वाकू द्या आणि एकाच चालीत पुढे आणा. मनगटाचा झटका, चाबूक ओढल्यासारखा, हेच निम्म्या गुंत्यांचं मूळ. झटक्याने स्पूल एका क्षणात कमाल वेगाला पोचतो आणि लूर मागे राहतो. लूर हवेत असताना नजर लूरवर असतेच, पण अंगठ्याची बोटपेर स्पूलवर अशी टेकलेली हवी की वेढे फुगले तर कळावं. ते फुगणं जाणवतं: आधी दोऱ्याचा गुळगुळीतपणा जातो, मग मऊ, पिसासारखं काहीतरी बोटाला लागतं. त्या क्षणी हलकेच दाबा. जोरात दाबलं तर लूर हवेत झटका खाऊन गाठीशी तुटतो, आणि उडालेला लूर कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. पाण्याला टेकायच्या किंचित आधी मात्र स्पूल पूर्ण थांबवा. दर वेळी. ब्रेक कितीही महागाचा असो.

तरी गुंता होणारच. झाल्यावर वर आलेले फासे नखाने ओढू नका, टाचणी तर मुळीच घालू नका. टाचणीने विणीचे तंतू तुटतात आणि दोरा आठवड्याभराने, मोठ्या माशावर, तिथूनच जातो. ड्रॅगची चांदणी (हँडलजवळचं ताऱ्यासारखं चाक) पूर्ण आवळा. अंगठा गुंत्यावर घट्ट दाबून ठेवून हँडलचे दोन-तीन फेरे द्या. मग क्लच सोडून, म्हणजे स्पूल मोकळा करून, दोरा सरळ ओढा. अडला की परत दाबा, फिरवा, ओढा. बहुतेक गुंते तीन-चार खेपेत सुटतात. कापायची वेळ आलीच तर तुकडे खिशात घालून घरी आणा. यशवंत सागर आणि सिरपूर 2022 पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत ते पाणपक्ष्यांमुळे, आणि ब्रेडेड दोरा पक्ष्याच्या पायात एकदा अडकला की कुजून सुटत नाही.

ड्रॅग

हुकाच्या वजनकाट्याला दोरा बांधून रिळातून सरळ ओढा, 4 ते 5 किलोवर सरकायला हवा. लूर लाकडात अडकला तर रॉड वाकवून झटके देऊ नका: रॉड लूरच्या दिशेने सरळ धरा, दोरा एखाद्या काठीला गुंडाळा आणि मागे चालत जा. हाताला गुंडाळला तर ब्रेडेड दोरा कातडी चिरतो. मासा काठावर आल्यावर रॉड डोक्यावर उभा करून त्याला उचलू नका. काठीचा पातळ शेंडा त्यासाठी नसतो.

लूर

सुरुवातीला तीन पुरे: 10 ते 15 ग्रॅमचे दोन पोकळ फ्रॉग, एक स्पिनरबेट (फिरत्या चकाकत्या पात्याचा लूर). चाळीस लुरांचा डबा घेणाऱ्यांना मासे जास्त लागतात असं काही नाही.

नवा फ्रॉग तसाच पाण्यात टाकायचा नसतो. बोटांच्या चिमटीत दाबा. दोन्ही हुकांची टोकं लगेच उघडी पडली पाहिजेत. रबर कडक असेल तर गरम पाण्यात मिनिटभर धरून मऊ करा. हुकांची टोकं पक्कडीने अगदी किंचित वर-बाहेर वाकवा, पायांच्या झालरी थोड्या कापा, एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड ठेवला तर फ्रॉग जागच्या जागी डावी-उजवीकडे वळतो. हूक धारदार आहे का हे नखावर कळतं: टोक नखावर हलकेच टेकवून सरकवा, घसरलं तर बोथट, रुतलं तर चांगलं.

मरळीला दात असतात, त्यामुळे फ्रॉगला भोकं पडून तो पाणी पितो. प्रत्येक दोन-तीन फेकींनंतर चिमटीत दाबून पाणी काढा. जड झालेला फ्रॉग पाठीवर उलटतो. पाणी उडालेलं दिसलं की लगेच झटका द्यायचा मोह होतो. द्यायचा नाही. दोरा खाली ओढला जाऊ द्या, ढील आवरा, मग खालून वर एक ठाम झटका. आणि पावसाळ्यात पाण्यावर पिल्लांचा लालसर पुंजका उकळल्यासारखा हलताना दिसला तर तिथे फ्रॉग टाकायचा नाही. खाली आई-बाप राखणीला असतात, ते भुकेने नव्हे, रागाने झडप घालतात, आणि ते गेले की पुंजका इतर माशांच्या पोटात.

मऊ प्लास्टिकचे किडे वेगवेगळ्या कंपन्यांचे एकाच कप्प्यात ठेवू नका. साधं पीव्हीसी आणि ताणणारं टीपीई एकमेकांना चिकटून वितळतात, काही वेळा डब्यालाही घेऊन. मे महिन्यात उन्हातल्या गाडीत तर काहीच ठेवू नका.

डागडुजी

प्रत्येक खेपेनंतर ओलं फडकं, मग कोरडं, आणि ड्रॅग सैल. नळाच्या धारेखाली रीळ धरू नका, धार वाळू आत ढकलते. लूर वाळवूनच डब्यात.

वर्षातून एकदा, जून-जुलैच्या बंदीत, रीळ उघडा. बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, दातऱ्यांना ग्रीस, दोरा डावीकडे-उजवीकडे नेणाऱ्या आट्यांच्या दांड्याला आधी टूथब्रश आणि मग तेल. केंद्रोत्सारी ब्रेकचे ठोकळे ज्या कड्याला घासतात तिथे तेल लागू देऊ नका. घर्षण गेलं की ब्रेक गेला. हँडल उलटं न फिरू देणाऱ्या रोलर क्लचमध्ये ग्रीस गेलं तर झटका देताना हँडल मागे सटकतं. स्पिनिंग रिळात सगळे विसरतात तो दोऱ्याखालचा छोटा रोलर. तो फिरेनासा झाला की दोऱ्याला पीळ पडतो. खोबरेल तेल कुठेच नको. इंदूरच्या डिसेंबरात ते बाटलीत गोठतं तसंच बेअरिंगमध्येही गोठतं.

दोरा फेकून देऊ नका. ब्रेडेडचा वरचा तीस-चाळीस मीटरचाच भाग झिजतो, खालचा कोराच असतो. एका मोकळ्या रिळावर सगळा उतरवा आणि मग उलट बाजूने पुन्हा भरा, ओल्या फडक्यातून, ताणून. झिजलेलं टोक तळाशी गेलं की आणखी एक हंगाम सहज निघतो.