उद्योजकांना मदत देताना लाभार्थी निवडीतील या चुका टाळा

सांगली जिल्ह्यात छोट्या उद्योजकांसाठी योजनांची वानवा नाही. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, मुद्रा कर्ज आणि सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान देणारी केंद्राची योजना, एवढे तर सरकारी पातळीवरच आहे. शिवाय कंपन्यांच्या सामाजिक निधीवर चालणारे स्वयंसेवी संस्थांचे उपक्रम वेगळे. तरीही वाटलेल्या पैशांच्या मानाने वाढलेले धंदे थोडे दिसतात. माझ्या मते त्याचे मोठे कारण निधीची कमतरता हे नसून निवडीची पद्धत हे आहे, आणि म्हणून हा लेख अर्जदारांसाठी नव्हे, तर अर्ज हाती घेऊन बसणाऱ्या निवड समित्यांसाठी आहे.

हेतू न ठरवता अर्ज मागवणे

अडचणीतल्या कुटुंबाला आधार देणे, एका माणसाला स्वतःचा रोजगार मिळवून देणे आणि दहा माणसांना कामावर ठेवू शकेल असा धंदा उभा करणे, ही तीन वेगवेगळी कामे आहेत. विट्यात यंत्रमाग चालवणारा कारखानदार आणि आठवडी बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई यांना एकाच तक्त्यात गुण द्यायला बसले की दोघांवरही अन्याय होतो. जाहिरात काढण्यापूर्वीच यांपैकी कोणते काम करायचे आहे, ते एका वाक्यात लिहून ठेवावे.

प्रकल्प अहवालाच्या आधारे क्रमवारी लावणे

समितीपुढे येणारे प्रकल्प अहवाल बहुधा अर्जदाराने लिहिलेले नसतात. अर्जांचा गठ्ठा सलग वाचला, तर तीन-चार अहवालांत उलाढालीचे तेच आकडे, तीच यंत्रसामग्री, इतकेच काय पण शुद्धलेखनाची तीच चूक आढळते, कारण ते सगळे एकाच टेबलावर टाइप झालेले असतात. अशा कागदाला ७२ गुण द्यायचे की ७५, यावर तासभर चर्चा करणे म्हणजे टाइप करणाऱ्याचीच परीक्षा घेणे होय.

पण अहवाल खरा असला तरी अडचण संपत नाही. नायजेरियात २०११ मध्ये ‘यूविन’ नावाची व्यवसाय आराखड्यांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरीत सुमारे २४ हजार अर्ज आले आणि १,२०० विजेत्यांना प्रत्येकी सरासरी ५० हजार डॉलर मिळाले. जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी या उद्योजकांचा पुढे पाठपुरावा केला. पैसे मिळालेल्यांचे धंदे टिकण्याचे आणि दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामावर ठेवण्याइतके वाढण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते, म्हणजे मदत वाया गेली नव्हती. मात्र अखेरच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेल्यांपैकी कोण पुढे जाईल, हे परीक्षकांच्या गुणांवरून कळले नाही आणि संगणकीय पद्धतींनाही ते फारसे चांगले जमले नाही. तेव्हा अहवालाचा उपयोग चाळणीपुरता करावा. उघड अपात्र आणि उघड कच्चे अर्ज बाजूला काढावेत आणि उरलेल्यांत खोटी सूक्ष्मता आणण्याऐवजी सर्वांसमक्ष चिठ्ठी काढावी. चिठ्ठी म्हटले की समितीला कमीपणा वाटतो, हे खरे आहे. पण पाव गुणाच्या फरकाने कोणाला नाकारल्याचे कारण सांगण्यापेक्षा चिठ्ठीचा निकाल समजावून सांगणे सोपे असते.

शेजाऱ्यांना न विचारणे

कागदावर नसलेली बरीच माहिती त्याच धंद्यातल्या माणसांना असते. तासगाव परिसरात द्राक्षे जाळीवर वाळत असताना अवकाळी पावसाचे ढग आले की कोणाच्या शेडची ताडपत्री वेळेत ओढली जाते, निवडणीच्या बायकांची मजुरी कोण आठवड्याला चुकती करतो आणि कोण सौदा झाला की पैसे द्यायचे म्हणून थांबवून ठेवतो, हे आजूबाजूच्या बेदाणेवाल्यांना नेमके ठाऊक असते. यांतली एकही गोष्ट उद्यम नोंदणीच्या प्रमाणपत्रावर दिसत नाही.

या माहितीला किती किंमत आहे, ते आपल्याच राज्यात तपासले गेले आहे. रेश्मान हुसाम, नतालिया रिगोल आणि बेंजामिन रॉथ या संशोधकांनी अमरावतीत छोट्या व्यावसायिकांना आपल्या शेजारच्या व्यावसायिकांची क्रमवारी लावायला सांगितली आणि नंतर सोडतीने काहींना सुमारे १०० डॉलरचे रोख अनुदान दिले. भांडवलावरचा सरासरी परतावा महिन्याला ९.४ टक्के निघाला. शेजाऱ्यांनी वरच्या एकतृतीयांशात ठेवलेल्यांचा मात्र २४ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच प्रयोगाची दुसरी बाजू विसरली की वेगळीच चूक होते. आपल्या उत्तरावर पैसे कोणाला मिळणार ते ठरेल, असे कळताच लोक मित्रांना आणि नातेवाइकांना वर ढकलू लागले. अंदाज अचूक निघाल्यास थोडा मोबदला देण्यासारख्या साध्या उपायांनी ही ओढ कमी करता आली. आपल्याकडे भावकी आणि गटतट लक्षात घेता एका सरपंचाचे किंवा एका अध्यक्षांचे शिफारसपत्र हा शेजाऱ्यांना विचारण्याचा पर्याय होऊ शकत नाही. एकमेकांना ओळखणाऱ्या पाच-सहा व्यावसायिकांना स्वतंत्रपणे विचारावे, ‘चांगला माणूस कोण’ असे मोघम न विचारता ‘जादा पन्नास हजार हाती आले तर सर्वांत जास्त धंदा कोण वाढवेल’ असे विचारावे आणि उत्तरे एकमेकांशी ताडून पाहावीत.

अर्जदाराचे घर न पाहणे

रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के अनुदान आहे, तर महिलांसह विशेष प्रवर्गांना ३५ टक्के, आणि स्वतःचा हिस्साही दहाऐवजी पाचच टक्के भरावा लागतो. त्यामुळे काही अर्ज पत्नीच्या नावावर येतात आणि धंदा पतीचा असतो. केवळ संशयाने हा प्रश्न सुटत नाही. श्रीलंकेत छोट्या व्यावसायिकांना दिलेल्या अनुदानांतून पुरुषांच्या धंद्यांचा नफा वाढला, पण स्त्रियांच्या धंद्यांचा सरासरी वाढला नाही, असे आधी दिसले होते. पुढे भारत, घाना आणि श्रीलंका येथील माहिती पुन्हा तपासल्यावर कळले की घरात दुसरा धंदा असेल तर स्त्रीला मिळालेले भांडवल बऱ्याचदा तिकडे वळते. जिथे तिचाच एकमेव धंदा होता, तिथे परतावा पुरुषांइतकाच होता. म्हणून घरात आणखी कोणता व्यवसाय आहे आणि गल्ल्याची किल्ली कोणाकडे असते, हे दोन प्रश्न भेटीत विचारलेच पाहिजेत.

सर्वांना एकच प्रशिक्षण, तेही भलत्या हंगामात

फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याच्या शेड भरलेल्या असतात आणि हळद शिजवण्याची घाई असते. नेमके तेव्हाच आर्थिक वर्ष संपत आल्याने वर्ग लावले जातात. मग हजेरीपटावर सह्या होतात त्या हातात काम नसलेल्यांच्या, आणि हजेरीवरच पुढची निवड ठरत असेल तर चालता धंदा असलेला माणूस आपोआप गळतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने बायकांसाठी व्यवसाय प्रशिक्षणाची शाळाच बसमधून गावोगाव नेली, ती ही अडचण ओळखूनच. विषयही तपासावा लागतो: टोगोमध्ये पुढाकार घेण्याची वृत्ती वाढवणाऱ्या प्रशिक्षणाने नफा ३० टक्क्यांनी वाढला, तर रूढ हिशेब-व्यवस्थापनाच्या वर्गाचा परिणाम ठामपणे सांगण्याइतका नव्हता.

यादी आधीच जाहीर झाली असेल तर

अशा वेळी यादी फिरवू नये, पैसे हप्त्यांत द्यावेत. दुसरा हप्ता देण्यापूर्वी पावत्या मागण्याऐवजी कामाच्या दिवशी जाऊन उधारीची वही आणि मालाचा साठा पाहावा. नाकारलेल्या अर्जांची यादीही जपून ठेवावी आणि पुढच्या हंगामात दोन्ही याद्यांतल्या माणसांना भेटून विक्री व कामगारसंख्या नोंदवावी; नाकारलेल्यांचे धंदेही तितकेच वाढलेले आढळले, तर पुढच्या वर्षीच्या गुणतक्त्यातून आधी कोणते रकाने काढायचे ते त्या नोंदींवरूनच ठरवता येईल.